सुभेदारांना चालणारं पुस्तक

"बाई, यात कोण मरतंय का?"

आमच्या वाचनालयात लोक येत आणि नवीन काय आलंय ते विचारत. सुभेदार आबा मात्र नव्याजुन्याच्या भानगडीत पडत नसत. कपाटातलं एक पुस्तक काढायचं, हातावर वजन केल्यासारखं वरखाली करायचं, माझ्यासमोर टेबलावर ठेवायचं आणि पहाऱ्यावरच्या शिपायानं अडवावं तसं विचारायचं, यात कोण मरतंय का? मी "नाही" म्हटलं की पुस्तक काखेत. "हो" म्हटलं की "डिसमिस!" आणि पुस्तक परत कपाटात. "बहुतेक नाही" असं उत्तर मी एकदाच दिलं.

"बहुतेक म्हंजे काय, बाई? निम्मा मरतोय का?"

मी आष्ट्याजवळच्या त्या गावात मुलींच्या शाळेवर शिक्षिका होते आणि संध्याकाळी वाचनालयाची मानद चिटणीस. मानद म्हणजे काय, तर कपाटं पुसण्यापासून वाळवीचं औषध मारण्यापर्यंत सगळं आपणच करायचं. मला यादी केल्याशिवाय कामाला हात घालवत नाही. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे, कोण पानाचे कोपरे दुमडतं, कोणाकडून पुस्तक फोडणीचा वास घेऊन परत येतं, याच्या माझ्याकडे याद्या असत. पण कोणत्या पुस्तकात कोण मरतं याची यादी ठेवावी लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सुभेदार आबा पलटणीतून निवृत्त होऊन गावाबाहेर मळ्यातल्या घरात राहत. ऊस होता, दोन म्हशी होत्या, घरात ते आणि त्यांच्या पत्नी हौसाक्का. आबा उंच, सरळ, मिशा टोकाला किंचित वर वळवलेल्या. धोतर, खाकी सदरा आणि पायात पलटणीतले बूट. धोतरावर बूट बरे दिसत नाहीत असं कोणीतरी त्यांना सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, "दिसायला घालत न्हाई. चालायला घालतोय."

मला गोष्टी मोघम राहिलेल्या आवडत नाहीत. म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना समोर बसवून नियम नक्की करून घेतले.

"आबा, नायक-नायिका मरत नाहीत, पण म्हातारी आजी मरते. चालेल?"

"आजारी हाय का धडधाकट?"

"आजारी."

"न्हाई चालत. आजारी मानूस बरं व्हाया पायजे."

"खलनायक मेला तर?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्येला जेलात टाका की. मारायची काय गरज?"

"कुत्रा?"

"कुत्रं लय वाईट. आजाबात नगं."

"मांजर?"

"मांजर..." त्यांनी छताकडे बघितलं. "मांजराचं मी बघून घेतो."

मग मी मुद्द्याला हात घातला. कादंबऱ्यांतल्या निम्म्या नायिकांना आई नसते, पहिल्या पानाच्या आधीच ती वारलेली असते. अशी पुस्तकं वगळली तर दोन कपाटं रिकामी होतील. याचं काय?

"गोष्ट सुरू व्हायच्या आदी गेल्याली मानसं चालतात," आबांनी निकाल दिला. "त्यांची आपली वळख झाल्याली न्हाई."

ऐतिहासिक कादंबऱ्यांचा प्रश्न त्यांनी स्वतःच निकालात काढला. एक जाडजूड कादंबरी घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. "बाई, ह्या लेखकानं लढाई बघितल्याली दिसत न्हाई. येका पानात पाचशे मानसं कापली आन दुसऱ्या पानात मेजवानी. आमच्या कंपनीत शंभर मानसं हुती. येक जरी कमी भरला तर सबंद कंपनी भुकी उभी ऱ्हायची, त्यो कुटं हाय ते कळंपतूर. ह्यान्ला पात्रं सांभाळता येत न्हाईत म्हनून मारत्यात. कोर्ट मार्शल केलं पायजे."

एकच पुस्तक त्यांच्याकडून परत आलं नाही. त्यात एक आई बाळंतपणात जात होती आणि ते मला ठाऊक नव्हतं.

"पाटाच्या पान्यात पडलं," आबा समोर बघून म्हणाले.

"पडलं की टाकलं?"

"पडलं. पर जोरात पडलं."

पुस्तकं करमणुकीसाठी असतात हे आबांना मान्य होतं, पण करमणूक झाली म्हणून सुट्टी मिळत नाही असं त्यांचं मत होतं. प्रत्येक पुस्तक परत करताना ते टेबलासमोर ताठ उभे राहून त्यातला धडा सांगत. "रिपोट हाय, बाई. पुस्तक वाचलं. धडा येकच." आणि मग जो धडा येई तो लेखकानं ऐकला असता तर त्यानं लिहिणं सोडलं असतं.

एका गाजलेल्या प्रेमकथेचा धडा होता, "प्रेम करायला हरकत न्हाई, पर ज्येला सांगायचं त्येला सांगावं. ह्यो गडी तिला सोडून सगळ्या पुन्याला सांगत हुता." एका कौटुंबिक कादंबरीचा धडा, "घरात आत्या आली तर ती कवा जानार ते पयल्या दिवशी इचारावं." एका अतिशय तरल, हळुवार, धुक्याधुक्याच्या पुस्तकाचा धडा विचारला तर ते गोंधळले. "बाई, त्यात कोण कायच करत न्हाई. धडा आसा हाय का, मानसाला काम पायजे."

हे धडे ते नुसते सांगून थांबत नसत, अमलातही आणत. तिथं खरी मजा होती.

एकदा त्यांनी गुप्तहेरकथा नेली. त्यात खून नव्हता, हिऱ्यांची चोरी होती, म्हणून मी परवानगी दिली. त्या आठवड्यात त्यांच्या उसाच्या फडातून कोणीतरी ऊस मोडून नेले. एरवी आबांनी बांधावर उभं राहून दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण आता ते शिकलेले होते. ओल्या मातीत एक पायाचा ठसा सापडला. त्यावर त्यांनी पाटी पालथी घालून ठेवली, वर दगड ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पाय मागायला लागले. "घाबरू नगंस, रं. नुस्ता पाय ठेव." दोन दिवस रस्त्यावरची माणसं निमूटपणे पाय देत होती, कारण माणूस सुभेदार आणि मिशी तशी. तिसऱ्या दिवशी हौसाक्का घरातून आबांचा बूट घेऊन आल्या, पाटी उचलली आणि बूट ठशावर ठेवला. तंतोतंत बसला.

आबांनी पराभव उमदेपणानं स्वीकारला. "रिपोट हाय, बाई. आरोपी सापडला. धडा येकच. तपासाला निघायच्या आदी आपलं पायतान बघावं."

दुसऱ्या एका कादंबरीत नवरा-बायकोचा गैरसमज होतो आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आबा फार चिडले. "येका वाक्यात मिटनारी गोष्ट. लेखकानं सबंद पुस्तक काढलं." दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठल्यावर ते चुलीसमोर सावधान उभे राहून हौसाक्कांना विचारायला लागले, "माझ्याबद्दल आज काय गैरसमज?"

हौसाक्कांनी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सरपन फोडल्यालं न्हाई, ह्यो गैरसमज न्हाई, खरं हाय. कुऱ्हाड तितं हाय."

हे मला आबांनीच सांगितलं, मोठ्या अभिमानानं. "बोलली, बाई. येवडं लांब वाक्य बोलली."

यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे हे त्या गावात नवीन आलेल्या माणसाला कळलं नसतं. आम्हाला कळत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा संपत पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. त्याचं लग्न ठरायचं होतं, दोन-तीन स्थळं बघून ठेवलेली होती. त्यानंतर हौसाक्कांचं बोलणं जवळजवळ थांबलं. कामं सगळी होत, म्हशी वेळेवर पिळल्या जात, पण घरात आवाज नाही. आबांनी डॉक्टर केला, देवऋषी केला, बहिणीला आणून ठेवलं. काही उपयोग झाला नाही. मग एका दुपारी कंटाळून त्यांनी कोणाचं तरी घरात पडलेलं एक पुस्तक मोठ्यानं वाचायला घेतलं. एक प्रकरण वाचून मिटलं तेव्हा शेंगा फोडत बसलेल्या हौसाक्का म्हणाल्या, "मग फुडं?"

"कितीतरी दिवसांनी बोलली, बाई," आबा मला म्हणाले होते. "मी लगीच फुडं वाचलं. तवापास्नं रोज दुपारची हजेरी हाय. पर तिला कोण मेल्यालं सोसनार न्हाई. तेवडं तुमी बगा."

एवढंच ते बोलले होते, तेही कपाटाकडे तोंड करून. मी समजले. माझ्या कामात ते काम वाढलं. नवीन पुस्तकं आली की मी आधी ती चाळून काढायची. शेवटचं प्रकरण, मग मधली प्रकरणं, विशेषतः जिथं डॉक्टर, पाऊस किंवा आगगाडी येते ती पानं. ज्या पुस्तकात सगळे जगतात त्याच्या आतल्या पानावर मी हिरव्या पेन्सिलीनं बारीक खूण करायची. आबा आले की हिरवी खूण बघायची आणि पुस्तक द्यायचं. झटपट, बिनचूक. मी माझ्यावरच खूश होते.

ही पद्धत दत्तू कंपाउंडरनं मोडली. तो गावातल्या दवाखान्यात पुड्या बांधायचा आणि वाचनालयाच्या कमिटीवर होता. रहस्यकथांचा त्याला विलक्षण नाद. हिरव्या खुणेचा अर्थ त्याच्या लक्षात आला आणि तो वार्षिक सभेत उभाच राहिला.

"चिटणीसबाईंच्या खुणेमुळं माझा संसार उद्ध्वस्त झालाय," तो म्हणाला. "परवा एक पुस्तक नेलं. नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे, मागून सावली येतेय, माझ्या अंगावर काटा. तेवढ्यात आठवलं, हिरवी खूण आहे. म्हणजे ही पडत नाही! गेली की सगळी मजा."

"मग खूण बघू नका," मी म्हटलं.

"दिसली तर डोळे फोडून घेऊ?"

सभेत हशा झाला आणि ठरावही झाला. कोणत्याही पुस्तकाचा शेवट चिटणीस अथवा अन्य कोणी तोंडी, लेखी अथवा खुणेने सांगू नये. आबा मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी ठराव हुकूम म्हणून स्वीकारला. हुकूम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण घरी शेंगा फोडत कोणीतरी वाट बघत बसलं होतं. सभेनंतर ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

मी ठराव दोनदा वाचला. त्यात पेनाचा उल्लेख नव्हता. माझ्या टेबलावर दौतीशेजारी पेन ठेवायचा एक लाकडी ठोकळा होता. मी आबांना म्हटलं, "माझं पेन ठोकळ्यात उभं असेल तर मी खुशीत आहे असं समजा. आडवं पडलेलं असेल तर माझं डोकं दुखतंय."

आबांनी एक क्षण विचार केला आणि मला सलाम ठोकला.

पुढं सहा-सात महिने हे अगदी सुरळीत चाललं. ते पुस्तक टेबलावर ठेवत आणि पेनाकडे बघत. उभं असलं तर काखेत. आडवं असलं तर "बाई, आराम करा" म्हणून दुसरं पुस्तक काढत. दत्तू एकदा मला म्हणालासुद्धा, "तुमचं डोकं फार दुखतं हो हल्ली. गोळ्या देऊ का?"

मग मला पुस्तकांच्या खरेदीसाठी पाच दिवस सांगलीला जावं लागलं. जाताना मी दत्तूला टेबलावर बसवलं. त्याला काय करायचं, काय करायचं नाही याची यादी लिहून दिली. परत आले तेव्हा त्यानं सगळं नीट केलं होतं, कपाटंसुद्धा पुसली होती.

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी सुभेदार येऊन गेले," तो म्हणाला. "ती पुण्यातल्या बंगल्याची कादंबरी नेली, मुखपृष्ठावर झोका आहे ती."

ती मी अजून चाळली नव्हती. "त्यांनी काही विचारलं?"

"काही नाही. पुस्तक ठेवलं, दौतीकडे बघितलं, खूश झाले, मला सलाम ठोकला आणि गेले. मलाच कळेना, मी एवढं काय केलंय."

मी टेबलाकडे बघितलं. दत्तूचं पेन ठोकळ्यात ताठ उभं होतं. तो व्यवस्थित माणूस. पेन वापरून झालं की ठोकळ्यात ठेवायचं, हे मीच त्याला यादीत लिहून दिलं होतं.

"दत्तू, तू ती वाचलीयस? त्यात कोण मरतं का?"

"बाई, ठराव..."

"ठराव गेला खड्ड्यात."

तो घाबरला. "मधू. नायकाचा धाकटा भाऊ. फार गोड पोरगा दाखवलाय, पियानो वाजवतो. विषमज्वरानं जातो. जवळजवळ मध्यावर. मी स्वतः दवाखान्यातला माणूस, पण मलाही..." त्याला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. "का हो? काय झालं?"

मी सांगितलं. दत्तूचा चेहरा उतरला. तो ठोकळ्यातलं पेन काढून खिशात ठेवायला लागला, जणू आता ठेवून काही उपयोग होता.

"आत्ताच जा, बाई. आबा अडखळत वाचतात. अजून मध्यापर्यंत पोचले नसतील."

मी कपाटातून हिरव्या खुणेचं एक जुनं, खात्रीचं पुस्तक घेतलं, पिशवीत टाकलं, छत्री घेतली आणि मळ्याच्या वाटेला लागले. जाताना मी मनात क्रम लावत होते. आधी आबांना बाजूला बोलवायचं. हौसाक्कांसमोर काही बोलायचं नाही. पुस्तकाची पानं सुटी झालीत, बांधायला न्यायचंय, असं सांगायचं. बदली पुस्तक द्यायचं. निघायचं.

घराच्या अलीकडे कडब्याची गंजी होती. तिथंपर्यंत पोचले आणि आबांचा आवाज ऐकू आला. सोप्यात ते खाटेवर बसले होते, चष्मा नाकावर, पुस्तक हातभर लांब धरलेलं. खाली हौसाक्का शेंगा फोडत होत्या. पुस्तक मध्याच्या बरंच पुढं उघडलेलं होतं, ते मला लांबूनच दिसलं. उशीर झाला होता.

आणि आबा वाचत होते, "मग मधू आंतरुनावर उटून बसला आन म्हनला, आई, भाकरी दे."

मी गंजीआड थांबले.

"कशासंगं?" हौसाक्कांनी विचारलं.

"आं?"

"भाकरी. कशासंगं खाल्ली?"

"त्ये पुस्तकात दिल्यालं न्हाई."

"न्हाई कसं? बगा की नीट."

आबांनी पुस्तक जवळ घेतलं, लांब नेलं. "हां, हाय हाय. खाली बारीक अक्षरात हाय. मेथीची भाजी."

"तापातनं उटल्याला. मेथी बरी."

"डाक्टरनं बी तसंच सांगितलं," आबा म्हणाले आणि एक पान उलटलं. "मग मधूला महाबळेश्वरला नोकरी लागली."

"तितं पाऊस लय."

"घोंगडं दिलंय संगं."

"कुनी? लेखकानं?"

"व्हय. भला मानूस हाय."

पुण्याच्या बंगल्यात पियानो वाजवणारा मधू घोंगडं घेऊन महाबळेश्वरला गेला. तिथून पगारातून पैसे साठवून तो उंब्रजच्या बाजारात बैल बघायला उतरला. बैल पुण्यात कुठं बांधणार, हा प्रश्न हौसाक्कांनी विचारला नाही. त्यांनी बैलांची शिंगं कशी होती ते विचारलं, आणि आबांनी पान न उलटता शिंगांचं असं वर्णन केलं की कोणत्याही लेखकानं त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

एवढ्यात कुत्रं भुंकलं आणि आबांनी मला पाहिलं. पुस्तक फाडकन मिटलं.

"बाई! या, या. आगं, बाई आल्यात." ते उठून पुढं आले. पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते मोठ्यानं म्हणाले, "पुस्तक येक नंबर हाय. कोनसुदिक मरत न्हाई."

त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. इतकी वर्षं त्यांनी मला हुकूम कधी दिला नव्हता. तो एक दिला.

"मला माहीत आहे, आबा," मी म्हटलं. "म्हणून तर पेन उभं होतं."

त्यांनी श्वास सोडला. मग म्हशी वैरणीसाठी ओरडायला लागल्या तसे ते पुस्तकासकट गोठ्याकडे गेले. हौसाक्कांनी ओंजळभर शेंगा माझ्या पिशवीत घातल्या आणि नको म्हणत असतानाही मला बांधापर्यंत पोचवायला आल्या. पिशवीतलं पुस्तक त्यांना दिसलं.

"बदलाया आला हुता व्हय?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बाई, त्यो मधू गेला न्हवं?"

मी चालता चालता थांबले. त्या थांबल्या नाहीत. उसाच्या कडेकडेनं चालत बोलत राहिल्या, आणि त्यांच्याबद्दल मी ऐकलं होतं त्याच्या मानानं त्या भरपूर बोलत होत्या.

"परवाच्याला गेला त्यो. वाचता वाचता ह्ये थांबलं. चष्मा पुसला. पानी प्यालं. आन मग भराभरा वाचाय लागलं. खरं वाचताना ह्यांचं कसं, दर दोन शब्दाला ठेच. मनचं सांगाय लागलं का गाडी उताराला लागती. म्या पयल्या पुस्तकापास्नं वळखते."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलू? संपतची तार आली तवा म्या सबंद गाव गोळा केलं वरडून. ह्ये रडलं न्हाईत. आल्यागेल्याला पानी दिलं, बसाया घोंगडी टाकली, सायब आलं त्यान्ला सलाम केला. मी रडून रडून दमले, म्हनून गप बसले. ह्यान्ला वाटलं, हिला येड लागलं. वाटू दे. त्येच्यापायी का हुईना, आवाज फुटला त्यांचा." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मला मेलेलं सोसत न्हाई म्हनून सांगत्यात न्हवं तुमास्नी? मला सोसतंय, बाई. ह्यान्ला पुस्तकातलं बी सोसत न्हाई. त्या बाळंतिणीच्या टायमाला दोन दिस जेवलं न्हाईत. पुस्तक पाटात टाकून आलं. मग मी म्हनते, फुडं काय झालं. मी इचारलं का त्यान्ला फुडचं सांगाया लागतं."

बांध आला. मी पिशवीतलं पुस्तक काढलं.

"हे ठेवा. यात खरोखरच कोणी जात नाही. ते पुस्तक मी घेऊन जाते."

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं आणि मान हलवली. "आत्ता नगं. मधू आत्ता कुटं कामाला लागलाय. येवडं त्येचं लगीन हू दे, मग देते."

तेवढ्यात गोठ्याकडून आबांची हाक आली. पलटणीतल्या माणसाची हाक, सबंद मळ्यात ऐकू जाणारी.

"आगं ये! कुटं ऱ्हायलीस? मधूला बगाय पावनं आल्यात!"

हौसाक्कांनी पदर खोचला आणि बांधावरून घराकडे धावल्या.

"आले, आले!" त्या ओरडल्या. "बसवून घ्या त्यान्ला. च्या टाकते."